जुन्नरच्या द्राक्षांचा देठ रॉटरडॅमपर्यंत हिरवा कसा राहतो

फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या आसपासच्या बागांत, उजाडताच द्राक्षांची तोडणी सुरू होते. ऊन चढायच्या आत घड क्रेटमध्ये आणि क्रेट पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून खोक्यांत भरायच्या जागी, गेले पाहिजेत, म्हणून सगळी धावपळ. तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, हेच घड नेदरलँड्समधल्या दुकानात पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यांत, मांडलेले असतात. तिथला खरेदीदार मण्याच्या आधी देठ बघतो. देठ हिरवा असेल तर माल ताजा. वाळून तपकिरी झालेला असेल, तर मणी कितीही गोड असोत, भाव पडतो.

मधल्या काळात नेमकं काय घडतं, हे पुण्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सहसा ठाऊक नसतं. चाकणच्या कोंडीत किंवा द्रुतगती मार्गावर, एका टोकाला घरघरणारं यंत्र बसवलेला पांढरा कंटेनर आपण पाहिलेला असतो. त्याला रीफर म्हणतात. फळं त्यात भरायची, तो ती गार करतो आणि परदेशी नेतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती निम्मी चुकीची आहे, आणि नाशवंत मालाचं बरंचसं नुकसान याच चुकीतून होतं. रीफर माल गार करण्यासाठी बांधलेलाच नसतो. आधीच गार केलेला माल त्याच तापमानाला टिकवून धरणं, एवढंच त्याचं काम.

हे समजून घ्यायचं तर आधी फळाकडे बघावं लागतं. तोडलेलं फळ मेलेलं नसतं. वेलीपासून तुटल्यावरही त्याच्या पेशी श्वास घेत राहतात. ऑक्सिजन आत जातो, साठवलेली साखर खर्च होते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर पडते. वेलीवर असताना झालेला खर्च मुळं आणि पानं भरून काढत होती, आता ती भरपाई बंद झालेली असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की या श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे तीस अंशांवर पडून राहिलेला घड शून्याजवळ ठेवलेल्या घडापेक्षा निदान आठ पट वेगानं म्हातारा होतो. बागेच्या कडेला ट्रॅक्टरची वाट बघण्यात गेलेला एक तास म्हणजे शीतगृहातला जवळजवळ अख्खा कामाचा दिवस. शिवाय प्रत्येक फळ स्वतःच उष्णता बाहेर टाकत असल्यामुळे गच्च रचलेला ढीग आतून आणखी तापतो.

दुसरं नुकसान पाण्याचं. मण्यावर मेणाचा बारीक थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. देठाला तसं पुरेसं संरक्षण नसतं आणि त्याचं पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानानं बरंच जास्त असतं, त्यामुळे देठ आधी वाळतो. मग मणी सैल होतात आणि खोकं हलवलं की गळतात. कोरड्या गरम हवेत गेलेले पहिले काही तास देठावर कायमची खूण ठेवून जातात. पुढे महिनाभर उत्तम थंडी मिळाली तरी वाळलेला देठ पुन्हा हिरवा होत नाही.

म्हणून प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा गावातच पार पडतो. त्याला प्री-कूलिंग म्हणतात. निवडलेले, छाटलेले घड पनेटमध्ये आणि पनेट भोकं असलेल्या खोक्यांत भरतात. ही खोकी एका थंड खोलीत दोन रांगांत रचतात, मधल्या बोळावर ताडपत्री टाकतात आणि एका टोकाला मोठा पंखा लावतात. पंखा हवा ओढतो, आणि ताडपत्रीमुळे त्या हवेला खोक्यांच्या भोकांतून आरपार जाण्याखेरीज वाट उरत नाही. थंड हवा प्रत्येक मण्याला घासून जाते. अशा रीतीनं सहा-आठ तासांत मण्याच्या गाभ्याचं तापमान तिशीवरून चार अंशांच्या खाली आणतात. गाभ्याचं म्हणतो आहे ते मुद्दाम: खोलीतल्या भिंतीवरचा आकडा इथे कामाचा नाही. सुईसारखा तापमापक मण्यात खुपसून बघावं लागतं. त्यानंतर माल शीतगृहात शून्य ते एक अंशावर, नव्वद-पंचाण्णव टक्के आर्द्रतेत जातो.

हे काम रीफरवर का सोपवता येत नाही, ते आकड्यांत बघू. एक टन द्राक्षांचं तापमान पंचवीस अंशांनी खाली आणायचं तर साधारण २५ युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट. बारा टन माल असेल तर तीनशे युनिट. रीफरचं यंत्र शून्याच्या आसपास तासाला फार तर आठ-दहा युनिट उष्णता काढू शकतं, आणि त्यातली काही भिंतींतून झिरपलेली, काही स्वतःच्या पंख्यांची असते. म्हणजे सगळं आदर्श घडलं तरी दीड-दोन दिवस. प्रत्यक्षात आदर्श काही घडत नाही, कारण कंटेनरमधली हवा बरीचशी खोक्यांच्या भोवतीनं फिरते, गाभ्यात पुरेशी शिरत नाही. मधली खोकी कित्येक दिवस कोमट राहतात, श्वास घेत राहतात, आणि बाहेरच्या पाटीवर मात्र छान शून्य दिसत असतं.

द्राक्षाच्या प्रत्येक खोक्यात एक कागदी पॅडही असतो. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओलाव्याशी संबंध आला की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू हळूहळू सुटतो आणि राखाडी बुरशीला आवर घालतो. ही बुरशी शून्य अंशालाही पूर्ण थांबत नाही, म्हणून हा उपाय. पण हाच पॅड तापमानाच्या चढउताराला फार हळवा असतो. थंड खोकं गरम हवेत आलं की त्यावर दव धरतं, पॅड ओला होतो आणि तीन-चार आठवडे पुरायचा वायू थोड्याच वेळात सुटतो. मग मणी देठाजवळ पांढरट पडतात आणि उरलेल्या प्रवासात बुरशीला रान मोकळं. तोटा दोन्हीकडून. थंडीची साखळी एकदा तुटली तर नुकसान फक्त त्या वेळापुरतं राहत नाही, ते असं.

यंत्र आणि हवेची वाट

रीफरच्या यंत्राचं तत्त्व आपल्या माठाचंच आहे. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. रीफरमध्ये पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारा शीतकारक वायू असतो. तो कंटेनरच्या आतल्या नळ्यांत उकळतो आणि उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या नळ्यांत पाठवतो, तिथे तो उष्णता हवेत टाकून पुन्हा द्रव होतो आणि आत येतो. म्हणजे थंडी तयार होत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर फेकली जाते, अखंड.

खरी कसब त्या थंड हवेला फिरवण्यात आहे. रीफरच्या तळाला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये लांबलचक खाचा. यंत्र थंड हवा खालून या खाचांत सोडतं. ती खोक्यांमधून वर चढते, श्वसनाची उष्णता गोळा करते आणि छताखालून परत यंत्राकडे येते. म्हणूनच आतल्या भिंतीवर लाल रेघ असते. तिच्या वर माल रचायचा नाही, नाहीतर परतीची वाट बुजते. आणि तळाचा भाग शेवटपर्यंत झाकलेला हवा. दाराजवळ मोकळी जागा सोडली तर हवा कष्टाची वाट सोडून त्या मोकळ्या जागेतून सरळ वर निघून जाते आणि मधल्या मालाला काहीच मिळत नाही. एका खोक्याची भोकं दुसऱ्याच्या भोकांवर न येता आडवीतिडवी रचली, तरी तेच. कंटेनर भरणाऱ्या हमालाच्या हातात किती मोठी गोष्ट असते, याची दखल फारशी कुणी घेत नाही, असं मला वाटतं.

हवेची वाट चुकली तर काय होतं, याचा धडा या धंद्याला अगदी सुरुवातीलाच मिळाला. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डुनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून लंडनकडे निघालं. त्यात सुमारे पाच हजार गोठवलेल्या मेंढ्यांचं मांस होतं आणि कोळशावर चालणारं, हवा दाबून गार करणारं बेल-कोलमन यंत्र. उष्ण कटिबंधात वारा पडला, जहाज रेंगाळलं आणि तळघरातल्या मालापर्यंत थंड हवा नीट पोहोचत नाही असं लक्षात आलं. कप्तान जॉन व्हिटसन स्वतः आत रांगत गेला आणि हवेच्या मार्गात नवी भोकं पाडली. थंडीनं तो इतका काकडला की बेशुद्ध होण्याच्या बेतात असताना त्याला बाहेर ओढून काढावं लागलं. ९८ दिवसांनी जहाज लंडनला लागलं तेव्हा सगळ्या मालातला एकच नग टाकून द्यावा लागला. यंत्र पुरेसं ताकदीचं होतंच. अडचण हवा वळवण्याची होती, आणि आज जवळजवळ दीडशे वर्षांनीही रीफरमधल्या तक्रारींचं एक मोठं कारण तेच आहे.

शून्य अंश हा आकडा द्राक्षाचा आहे, सगळ्या फळांचा नाही. द्राक्षात साखर भरपूर, म्हणून ते शून्याच्या थोडं खाली जाऊनही गोठत नाही. डाळिंबाला पाच अंशांच्या आसपास मानवतं. त्याहून खाली फार दिवस ठेवलं तर साल डागाळते आणि आतले दाणे फिके पडू लागतात. केळ्याला तर तेरा-चौदा अंश हवेत. दहा अंशांवर ठेवलेलं केळं करडं पडतं आणि नंतर कितीही उबेत ठेवलं तरी नीट पिकत नाही, कारण उष्ण प्रदेशातल्या फळांच्या पेशींची पटलं थंडीनं फाटतात. त्यामुळे ‘थोडं जास्तच गार ठेवू, बिघडायला नको’ हा घरगुती शहाणपणा इथे माल बुडवतो. शिवाय पिकणारी फळं इथिलिन वायू सोडतात आणि तो शेजारच्या कच्च्या फळांनाही पिकवतो. एका पिकल्या घडामुळे अख्खा कंटेनर वाटेतच पिवळा होऊ शकतो. म्हणून रीफरला ताज्या हवेची झडप असते, आणि ती किती उघडायची हे मालागणिक ठरतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बारामतीहून केळ्यांचा एक कंटेनर चाचणी म्हणून समुद्रमार्गे नेदरलँड्सला गेला. आखाती देशांत आपली केळी आधीपासून जातात, पण तो प्रवास थोड्या दिवसांचा. युरोपचा प्रवास कित्येक आठवड्यांचा, आणि तेवढे दिवस केळं हिरवं ठेवायचं तर झाडावर घड किती भरल्यावर कापायचा, इथपासून गणित बदलतं. २०२५ च्या सुरुवातीला ‘भगवा’ जातीचं डाळिंबही समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाला आणि अमेरिकेला जाऊ लागलं. विमानाचं भाडं जहाजाच्या कित्येक पट असतं. फळ समुद्राचा प्रवास सोसू शकतं हे सिद्ध झालं की परवडण्याचं सगळं गणित पालटतं, म्हणून अशा एकेका कंटेनरला महत्त्व.

जहाजावर

न्हावा-शेवा बंदर पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तिथवर रीफर ट्रेलरवरून जातो आणि त्याचं यंत्र डिझेल जनरेटरवर चालतं. बंदरात त्याला विजेच्या प्लगला जोडतात, आणि जहाजावर चढल्यावर पुन्हा प्लगला. प्रत्येक जहाजावर रीफरच्या प्लगची संख्या ठरलेली असते. जागा रिकामी असली तरी प्लग नसेल तर रीफर चढत नाही. द्राक्षांच्या ऐन हंगामात निर्यातदार जहाजावरच्या जागेपेक्षा प्लगची चौकशी आधी करतात, ती यामुळे. समुद्रात असताना जहाजावरचे कर्मचारी या कंटेनरांवर लक्ष ठेवून असतात. आजकाल पुष्कळ कंटेनर स्वतःचं तापमान उपग्रहामार्फत किनाऱ्यावर कळवतात.

सुवेझ कालव्यातून न्हावा-शेवा ते नेदरलँड्समधलं रॉटरडॅम बंदर हा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा. पण कालव्यावर विसंबणं किती नाजूक आहे, ते गेल्या काही वर्षांत दिसलं. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक बंद पडली, तेही आपल्या द्राक्षांच्या भर हंगामात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपचा मार्ग धरला. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. वाढलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत देठ मोजतो. अशा लांब प्रवासाला गावातलं प्री-कूलिंग उत्तम झालेला माल तग धरतो, आणि जेमतेम झालेला माल, जो तीन आठवड्यांत कसाबसा निभावला असता, तो पाचव्या आठवड्यात हात टेकतो.

लांब प्रवासासाठी आणखी एक उपाय वापरतात. कंटेनरमधला ऑक्सिजन कमी करून कार्बन डायऑक्साइड वाढवतात. फळाला श्वास घ्यायलाच थोडं मिळालं की ते मंदावतं. केळ्यांसाठी हे फार उपयोगी. पण ऑक्सिजन फारच कमी झाला तर फळ आंबू लागतं, म्हणून त्याला काटेकोर नियंत्रण लागतं आणि पैसेही.

मग रेल्वे कुठे आहे?

थंड डब्यांचा इतिहास खरं तर रेल्वेनंच घडवला. अमेरिकेत गुस्तावस स्विफ्ट या मांसव्यापाऱ्यानं १८७८ च्या सुमारास अँड्र्यू चेस या अभियंत्याकडून असा डबा बनवून घेतला, ज्यात बर्फ छताजवळ आणि माल खाली. थंड हवा जड, ती आपोआप खाली उतरते. जनावरं जिवंत वाहून नेण्यात ज्या रेल्वे कंपन्यांची गुंतवणूक होती, त्यांना हे आवडलं नाही. पण मार्गावर ठिकठिकाणी बर्फ भरण्याची ठाणी उभी राहिली आणि शिकागोचं मांस न्यूयॉर्कला पोहोचू लागलं.

आपल्याकडे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल सुटली. दीड हजार किलोमीटर, सुमारे बत्तीस तासांत. पुढे सांगोल्याची डाळिंबं, जळगाव-सोलापूरची केळी अशा गाड्यांनी दिल्ली-कोलकात्याकडे गेली. भाड्यात निम्मी सवलत होती. शेतकऱ्याला याचा फायदा झाला, यात शंका नाही. ट्रकपेक्षा वेळ वाचला, पैसे वाचले. पण या गाड्या थंड होत्या, हा समज मात्र खरा नाही. त्यातले बहुतेक डबे साधे पार्सलचे होते. त्या सुमारास रेल्वेकडे कपूरथळ्याला बांधलेले खास शीतडबे होते अवघे नऊ, सतरा टनी. म्हणजे किसान रेल ही वेगाची सोय होती, थंडीची नव्हे. डाळिंब, कांदा, कच्ची केळी असा दमदार माल बत्तीस तास साध्या डब्यात निभावतो. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, पालेभाजी निभावत नाही.

मालगाडीवर रीफर कंटेनर चढवता येतातच. जानेवारी २०२० मध्ये आंध्रच्या ताडीपत्रीहून केळ्यांचे ४३ रीफर घेऊन एक गाडी न्हावा-शेवाला आली, आखातासाठी. अडचण विजेची असते. मालवाहू वाघिणीत प्लग नसतो. वरून पंचवीस हजार व्होल्टची तार धावत असते, पण ती इंजिनासाठी. त्यामुळे गाडीतच जनरेटरचा एक वेगळा कंटेनर जोडावा लागतो आणि त्यातून बाकीच्यांना केबलनं वीज द्यावी लागते. एका गाडीपुरते रीफर एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एकाच दिशेनं निघाले तरच हे परवडतं. परतीला ते रिकामे येतात तो खर्च वेगळा.

आणि अंतराचं गणित आहे. नारायणगावचा माल रेल्वेनं न्यायचा तर आधी ट्रकनं स्थानकावर आणा, क्रेननं गाडीवर चढवा, बंदरात पुन्हा उतरवा. दीड-दोनशे किलोमीटरसाठी हे कुणीच करणार नाही, आणि करूही नये. पाचशे-हजार किलोमीटरच्या पुढे मात्र रेल्वेला तोड नाही. पुणे जिल्ह्यासाठी रेल्वेचा खरा उपयोग बंदराकडे नेण्यात नसून देशातल्या लांबच्या बाजारांसाठी आहे: दिल्ली, गुवाहाटी, पाटणा. तिथे साध्या डब्यात न टिकणारा माल आज ट्रकनं दोन-तीन दिवस प्रवास करतो किंवा जातच नाही. नवे शीतडबे बांधले की उद्घाटनाला फोटो छान येतो. मला विचाराल तर पैसा आधी दौंडसारख्या जंक्शनवर प्लगची सोय आणि तालुक्याच्या गावी प्री-कूलिंग यांवर लावावा. गरम टोमॅटो थंड डब्यात भरले तर त्यात फक्त डिझेल जळतं. तळेगाव दाभाड्याच्या राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेसारखी शिकवणारी ठिकाणं जिल्ह्यात आहेत. गटानं पॅकहाऊस उभारू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनी त्यांचा उपयोग करून घ्यावा.

साखळी तुटते ती सांध्यांवर. पॅकहाऊसच्या दारातून कंटेनरमध्ये माल चढवताना, घाटात जनरेटर बंद पडला तर, बंदराच्या रांगेत, तपासणीसाठी दार उघडल्यावर. भरताना यंत्र बंद ठेवायचं असतं, हेही पुष्कळांना उलटं वाटतं. दार उघडं असताना यंत्र चालू राहिलं तर ते बाहेरची दमट हवा आत ओढतं, तिचा ओलावा नळ्यांवर बर्फ होऊन बसतो आणि पुढचे कित्येक तास थंडाव्याला आडवा येतो. म्हणून चांगल्या पॅकहाऊसमध्ये कंटेनर थेट शीतगृहाच्या दाराला रबरी पडद्यानं घट्ट भिडवतात.

या सगळ्याची नोंद ठेवणारी एक छोटी डबी खोक्यांमध्ये ठेवलेली असते, डेटा लॉगर. ती ठरावीक मिनिटांनी तापमान टिपत राहते. माल पोहोचल्यावर तिचा आलेख काढतात, आणि कुठल्या दिवशी, किती तास, किती अंश चढले ते दिसतं. निर्यातदाराला द्राक्ष देणाऱ्या बागायतदारानं किंवा गटानं दोन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात. कंटेनर भरताना पुढच्या, मधल्या आणि दारालगतच्या खोक्यांतले मणी टोचून घेतलेलं तापमान वेळेसकट नोंदवलं जाईल, आणि पोहोचल्यावर लॉगरच्या आलेखाची प्रत मिळेल. देठ वाळला तो बागेत, पॅकहाऊसमध्ये, रस्त्यावर की समुद्रात, हे त्या दोन कागदांवरून बहुतेक वेळा ओळखता येतं. ते हातात नसले, तर ‘माल नरम उतरला’ एवढ्या एका निरोपावर पैसे कापले जातात आणि बागायतदाराकडे त्यावर बोलायला काही नसतं.